दगड फोडणारा प्रोफेसर आणि आमच्या सोसायटीची लिफ्ट

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या करिअरच्या पानावर आर्किटेक्चरच्या अ‍ॅडमिशनवर लेख आला होता तो वाचला. एन्ट्रन्स, फी, लॅपटॉप कुठला घ्यावा, कुठलं सॉफ्टवेअर यायला हवं, पाच वर्षांनी हातात काय पडतं, सगळं व्यवस्थित दिलंय, आईबापांना उपयोगी पडेल असं. फक्त शेवटाकडे लेखकाने जाता जाता एक टोला मारलाय की डिझाइन थिअरी (म्हणजे डिझाइन करताना निर्णय कसे होतात, कसे व्हावेत याचा विचार) वगैरे विषय पुस्तकी असतात, परीक्षेपुरते वाचायचे आणि सोडून द्यायचे. तेवढ्यासाठी हे पत्र लिहितोय. लांबलं तर कापा, हरकत नाही, पण दगडाचा भाग तेवढा ठेवा बुवा.

आधी माझं सांगतो म्हणजे कोण बोलतोय ते कळेल. मी आर्किटेक्ट नाही आणि डिग्रीवाला इंजिनिअर पण नाही. डिप्लोमा करून साइट सुपरवायझर म्हणून लागलो ते रिटायर होईपर्यंत साइटवरच, वाशी, नेरुळ, खारघर, मधे काही वर्षं ठाण्याला घोडबंदर रोड, सेंटरिंग बघा, स्टील मोजा, स्लॅबच्या दिवशी रात्रभर उभे राहा, आणि ड्रॉइंगमधला जिना जागेवर बसत नाहीये हे आर्किटेक्टसाहेबांना फोन करून कळवा. त्यामुळे थिअरीवाल्यांचे लाड करायचं मला काही कारण नाही. पण भाची सध्या आर्किटेक्चरमध्ये मास्टर्स करतेय, तिचे झेरॉक्सचे गठ्ठे आमच्याकडे पडलेले असतात, आणि मला वेळच वेळ आहे, तर चष्मा लावून, अडलं की मोबाइलवर अर्थ बघत वाचत बसतो. त्यात एक प्रोफेसर सापडला.

ज्याँ-पिएर प्रोत्झेन. मूळचे स्विस, शिकवायचे अमेरिकेत, बर्कलीच्या कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीत, आर्किटेक्चर डिपार्टमेंटला. विषय डिझाइन थिअरी आणि मेथड्स, म्हणजे नेमका तुमच्या लेखकाने मोडीत काढलेला. आणि हाच माणूस पेरूला जाऊन तिथल्या जुन्या इंका लोकांनी भिंती कशा रचल्या असतील ते शोधायला हातात दगड घेऊन दगडावर आपटत बसलेला!

त्या भिंतींचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर सगळ्यांनी बघितलेत. प्रचंड मोठे दगड, एकाला एक असे चिकटलेले की मधे चुना नाही, सिमेंट नाही, फट नाही. खाली हमखास लिहिलेलं असतं की हे परग्रहावरून आलेल्यांचं काम, नाहीतर त्या लोकांना दगड मऊ करणारी कसलीतरी वनस्पती माहीत होती. लोखंड तर त्यांच्याकडे नव्हतंच, मग ही गंमत झाली कशी? प्रोत्झेननी अंदाज बांधत बसण्यापेक्षा खाण गाठली. कुस्कोजवळच्या रुमिकोल्का खाणीत अँडेसाइट नावाच्या कठीण दगडाच्या कपच्यांच्या ढिगात त्यांना वेगळ्याच जातीचे गोल दगड दिसले, नदीतले गोटे, त्या खाणीतले नसलेले, म्हणजे कुणीतरी मुद्दाम उचलून आणलेले. हेच हातोडे. मग साधारण वीतभर रुंदीचा, ओबडधोबड दगड घेतला, चार किलोच्या आसपासचा गोटा दोन्ही हातांत धरला आणि सुरू. गोटा नुसता सोडायचा, पडताना थोडा तिरका वळवायचा, उसळला की धरायचा, म्हणजे ताकद गोट्याच्या वजनाची आणि माणसाने फक्त दिशा द्यायची. कडा आल्या की छोटा गोटा घ्यायचा कारण मोठ्याने कड फुटते. तीन बाजू ठोकून पाच कडा काढायला दीड तासाच्या वर लागला नाही असं त्यांनी लिहून ठेवलंय, आणि गडी काय पाथरवट नव्हता, प्रोफेसर होता.

पण मला जास्त आवडलं ते पुढचं. त्यांच्या दगडावर जे बारीक खड्डे पडले ते इंकांच्या भिंतीवरच्या खड्ड्यांशी ताडून बघितले तर दोन्हीकडे तोच प्रकार, मधे मोठे खड्डे आणि जोडाकडे जाताना बारीक बारीक होत गेलेले. आमच्याकडे पूर्वी पाट्याला टाकी लावून द्यायला बाई यायची, आणि आई नुसता हात फिरवून सांगायची की या खेपेला घाईत काम केलंय. तसंच हे, फक्त इथे हात फिरवायला पाचशे वर्षांनी माणूस आला. हे सगळं १९८५ साली आर्किटेक्चरच्या इतिहासाच्या जर्नलमध्ये छापून आलं, पुढच्या वर्षी सायंटिफिक अमेरिकनमध्ये आलं, आणि १९९३ मध्ये ओयांताइताम्बो या एका ठिकाणावर आख्खं पुस्तक झालं.

ओयांताइताम्बोची खाण तर नदीपलीकडच्या डोंगरावर, चारेक किलोमीटर लांब. दगड तिथून घसरगुंडीवरून खाली आणायचे, नदी ओलांडायची, परत वर चढवायचे. वाटेत काही दगड आजही पडून आहेत, पोचलेच नाहीत, तिथले लोक त्यांना दमलेले दगड म्हणतात. प्रोत्झेननी दगडांची कुठली बाजू घासून गुळगुळीत झालीय आणि ओरखडे कुठल्या दिशेने आहेत ते बघून तो कसा ओढत नेला असेल ते मांडलंय. पारसिकच्या डोंगरात तुर्भ्याकडे खाणी होत्या, तिथे वडारांना पहार आणि सुतकीवर काम करताना मी बघितलंय, दगडाची नस कुठे आहे हे ते लोक आधी वाजवून बघायचे, तेव्हा हे वाचताना मजा आली, परका विषय वाटलाच नाही.

आता तुम्ही म्हणाल हे पुरातत्त्व झालं, डिझाइन थिअरी कुठाय? तर तिथेच आहे. त्यांनी दाखवलं की वरच्या दगडाची खालची बाजू जशी असेल तशी खाच खालच्या थराच्या माथ्यावर कोरून घ्यायची, वरचा दगड त्यात बसवायचा, की मग पुढचा थर. म्हणजे प्रत्येक दगडाचा आकार आधी कागदावर ठरवून ही भिंत उभी राहिलेली नाही, प्रत्येक दगड पुढच्याची जागा ठरवत गेला. आता डिझाइन म्हणजे आधी डोक्यात पूर्ण चित्र आणि मग बांधकाम असंच जर कुणी वर्गात शिकवत असेल तर ही भिंत त्या व्याख्येत बसवून दाखवा म्हणावं. तिथे निर्णय कोण घेत होतं, केव्हा घेत होतं, दगड हातात आल्यावर किती बदलत होतं, हे सगळे थिअरीचेच प्रश्न आणि उत्तर मिळालं हाताला फोड आणून. भूगर्भशास्त्र, पुरातत्त्व, इतिहास, गवंडीकाम सगळं लागलं त्याला. पुढे स्टेला नेअर या अभ्यासक बाईंबरोबर बोलिव्हियातल्या, इंकांच्याही आधीच्या तिवानाकूच्या दगडांवरही त्यांनी असंच काम केलं आणि दाखवलं की इंकांनी तिथून कॉपी मारलेली नाही, दगडाचा विचार करायची दोघांची पद्धतच वेगळी.

प्रोत्झेन ज्यांचं काम वर्गात पुढे चालवत होते ते हॉर्स्ट रिटेल. जर्मन, शिक्षण गणित आणि फिजिक्सचं, उल्मच्या प्रसिद्ध डिझाइन स्कूलमध्ये शिकवून १९६३ ला बर्कलीला आलेले. आर्किटेक्चरच्या पोरांना शिकवायला गणितवाला! आपल्याकडे असा माणूस नेमायचा म्हटलं तर डिग्री मॅच होत नाही म्हणून फाइल पहिल्याच टेबलावरून परत येईल. १९७३ मध्ये रिटेल आणि मेल्विन वेबर नावाच्या प्लॅनिंगच्या प्रोफेसरांनी मिळून एक पेपर लिहिला, त्यात विकेड प्रॉब्लेम, म्हणजे कधीच धड न सुटणारा चिवट प्रश्न, ही कल्पना मांडली. भाषा कोरडी आहे, मला दोनदा झोप लागली, पण मुद्दे असे आहेत की आपल्याच सोसायटीच्या मिटिंगला बसून लिहिलेत की काय असं वाटावं. प्रश्न नेमका काय आहे हेच आधी ठरत नाही, कारण तुम्ही प्रश्न जसा मांडाल तसं उत्तर निघतं. काम संपलं असं सांगणारी शिट्टी वाजत नाही, माणसं थांबतात ती वेळ संपला, पैसे संपले किंवा पेशन्स संपला म्हणून. उत्तर बरोबर-चूक नसतं, बरं-वाईट असतं. ट्रायल घेता येत नाही, एकदा फ्लायओव्हर बांधला की बांधला. आणि रिटेलचं आणखी एक म्हणणं, अशा प्रश्नात कुणीच एक्स्पर्ट नसतो, माहिती सगळ्यांकडे थोडी थोडी विखुरलेली असते आणि अज्ञान मात्र सारखंच वाटलेलं असतं.

आता लिफ्ट. आमची बिल्डिंग तळ अधिक चार, जुनी, लिफ्ट नाही, नेरुळ-वाशीत अशा किती आहेत ते मोजायला नकोच. मी सेक्रेटरी होतो त्या काळात दर मिटिंगला एकच विषय, लिफ्ट बसवायची का. तळमजला म्हणणार आम्ही पैसे का द्यायचे, चौथा मजला म्हणणार आमचे गुडघे बघा, एका बाजूच्या फ्लॅटवाल्याचं म्हणणं की शाफ्ट आला तर माझ्या किचनची खिडकी गेली, आणि एक जण कायम मागून ओरडणार अरे रिडेव्हलपमेंट येतंय, खर्च कशाला करताय. चहा, बिस्किटं, आरडाओरडा, पुढच्या महिन्यात परत.

भाचीच्या वर्गाला तेव्हा असाइनमेंट होती की एका खऱ्या वादाचा नकाशा काढा. नकाशा म्हणजे रिटेलनेच १९७० च्या सुमारास सुचवलेली पद्धत, आधी प्रश्न लिहायचा, त्याखाली काय काय भूमिका आहेत त्या, आणि प्रत्येक भूमिकेला बाजूचे आणि विरोधातले मुद्दे, एवढंच. पोरांनी आमच्या सोसायटी ऑफिसच्या भिंतीला ब्राउन पेपर लावला आणि घरोघरी जाऊन विचारून भरत गेले. मिटिंगमध्ये कधीच तोंड न उघडणारी माणसं घरी बोलली, ते सगळं पेपरवर आलं. तिसऱ्या मजल्यावरच्या एक रिटायर शिक्षिका भाजी घ्यायला खाली उतरतच नव्हत्या, खिडकीतून दोरीला पिशवी बांधून सोडायच्या, भाजीवाला त्यात टाकायचा, हे आम्ही रोज बघत होतो आणि लिफ्टच्या विषयात एकदाही आलं नव्हतं. चौथ्यावरचे एक काका चढतात आरामात पण उतरताना घाबरतात कारण एकाच बाजूला रेलिंग आहे आणि ते त्यांच्या अधू हाताच्या बाजूला येतं. तळमजल्याच्या एका फ्लॅटचा मालक पुण्याला असतो आणि भाडेकरू सारखे बदलतात याला तो स्वतःच कंटाळलेला.

हे भिंतीवर दिसल्यावर मिटिंगचा सूरच बदलला. लिफ्ट बसवायची का हा प्रश्न बाजूला पडला आणि रिडेव्हलपमेंट होईपर्यंतची वर्षं वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांनी काढायची कशी हा प्रश्न वर आला. त्याला उत्तरं भराभर निघाली आणि स्वस्तात. दोन्ही बाजूंना रेलिंग, प्रत्येक लँडिंगला दुमडणारी सीट, एक जोडपं पुण्यावाल्याच्या तळमजल्याच्या फ्लॅटमध्ये भाड्याने उतरलं आणि आपला वरचा त्यांनी भाड्याने दिला. लिफ्टचं अजून भिजत घोंगडं आहे, किचनवाल्याने वकिलाची नोटीस दिलीय, ते चालूच राहणार. पण दोरीची पिशवी दिसणं कमी झालं. त्या असाइनमेंटला पोरांना मार्क किती मिळाले माहिती आहे? बेताचेच. ज्यूरीतल्या एका सरांनी विचारलं, यात डिझाइन कुठंय, लिफ्टच्या शाफ्टचं डिटेल कुठंय?

तर माझं म्हणणं एवढंच आहे की जो विषय तुमच्या लेखकाला पुस्तकी वाटतो तो आपल्या शहराला सगळ्यात जास्त लागणारा आहे, आणि तो फक्त आर्किटेक्टच्या पोरांनाच नाही तर सिव्हिलवाल्यांना, प्लॅनिंगवाल्यांना, समाजशास्त्रवाल्यांना एकत्र बसवून शिकवायला हवा.

होल्डिंग पाँडचंच घ्या. आपली नवी मुंबई बरीचशी भरतीच्या पातळीच्या खाली, म्हणून सिडकोने खाडीच्या कडेला हे धारण तलाव काढले, भरती आली की दारं बंद होतात आणि पावसाचं पाणी तलावात थांबतं, ओहोटी लागली की दारं उघडून ते खाडीत जातं. हुशारीचं काम, त्याबद्दल वाद नाही. आता त्यात वर्षानुवर्षांचा गाळ साचला आणि गाळावर खारफुटी वाढली. इंजिनिअर म्हणतो गाळ काढा नाहीतर वाशी बुडेल. पर्यावरणवाले म्हणतात खारफुटीला हात लावायचा नाही, आणि हायकोर्टाने २०१८ मध्ये राज्यभरातल्या खारफुटीला संरक्षण दिलंय ते योग्यच आहे. शेजारच्या सोसायटीला डास नकोत, मॉर्निंग वॉकवाल्यांना ट्रॅक हवा, फोटोवाल्यांना पक्षी हवेत. हा प्रश्न ड्रेनेजचा का जंगलाचा का कायद्याचा? ज्या खात्याच्या टेबलावर फाइल असेल त्या खात्याचा. सगळ्यांना घेऊन प्रश्नच नीट मांडणारा माणूस कुठल्या कॉलेजातून येणार, जर आपण तो विषय परीक्षेपुरता ठेवला तर?

दुसरं, बेलापूरचं आर्टिस्ट व्हिलेज. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांचं काम, १९८० च्या दशकातलं. सात घरांनी एका चौकाभोवती बसायचं, असे तीन चौक मिळून मोठा चौक, आणि घरांच्या भिंती एकमेकांना लागू द्यायच्या नाहीत म्हणजे ज्याला जसं जमेल तसं त्याने घर वाढवावं. दर थोड्या दिवसांनी कुठल्या ना कुठल्या कॉलेजची बस येते, पोरं स्केचबुक काढून उरलीसुरली कौलारू घरं शोधतात, त्यांचे फोटो काढतात आणि शेजारचं तीन मजली ग्रॅनाइट लावलेलं घर फ्रेममध्ये येऊ नये म्हणून वाकडी होतात. अरे पण वाढवा म्हणून कोरियांनीच सांगितलं होतं ना! मग हे डिझाइन फसलं का यशस्वी झालं? मला विचाराल तर अर्धं अर्धं, वाढायला जागा ठेवली हे थोर, पण वाढीला वेसण कोण घालणार, चौकातली हवा आणि ऊन कोण राखणार हे कुणाच्या ताब्यात दिलं नाही. माझं बरोबरच असेल असं नाही. पण हा वाद घालायला घरमालकांशी बोलावं लागेल, खरेदी-विक्रीचे कागद बघावे लागतील, बांधकामाचे नियम वाचावे लागतील, आणि ते बस थांबते त्या अर्ध्या दिवसात होत नाही.

थिअरीवाल्यांचं सगळंच मान्य करा असंही नाही म्हणत मी. त्याच बर्कलीत ख्रिस्तोफर अलेक्झांडर होते, तेही मूळ गणितातले, त्यांनी १९६४ च्या पुस्तकात गुजरातमधल्या एका खेड्याच्या गरजांची यादी केली, १४१ गरजा, आणि गणिताने त्यांचे गट पाडून गावाची रचना काढली. पुढे त्यांनीच डिझाइन मेथड्सच्या त्या सगळ्या प्रकाराकडे पाठ फिरवली. रिटेलच्या मार्गातही धोका आहेच, सगळ्यांचं ऐकत बसलं तर मिटिंगाच होतील आणि स्लॅब पडणारच नाही, साइटवाल्या माणसाला हे पटकन दिसतं. पण हा वाद सुद्धा पोरांना वर्गात ऐकायला मिळायला नको? पन्नास-साठ वर्षं माणसं यावर भांडतायत आणि आपण पोरांना सांगतोय की गाइडमधून पाच प्रश्न करून जा.

शिवाय सुंदर थ्रीडी व्ह्यू आता मशीन मिनिटात काढून देतं, भाचीने परवा दाखवलं, सूर्यास्त वगैरे टाकून. तुमच्या लेखात ज्या सॉफ्टवेअरची यादी आहे त्यातलं निम्मं ही पोरं पास होईपर्यंत राहील का हेच सांगता येत नाही. आणि पवईला आयआयटीत डिझाइनचं सेंटर १९६९ पासून आहे, इंजिनिअरिंगच्या आवारातच आहे, म्हणजे वेगवेगळ्या विषयांची माणसं एका जागी आणणं आपल्याला परकं आहे असंही नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात बहुशाखीय हा शब्द पानोपानी आहे. आमच्याकडच्या एका कॉलेजने त्याचा अर्थ असा लावला की आर्किटेक्चरच्या पोरांना शनिवारी योगा. योगाला विरोध नाही हो, पण शनिवारी दोन तास भूगर्भवाला, पुरातत्त्ववाला, नाहीतर महापालिकेच्या पाणी खात्यातला रिटायर माणूस बोलावला असता तर काय बिघडलं असतं.

तेव्हा पुढच्या वर्षी अ‍ॅडमिशनचा लेख कराल तेव्हा ठाणे-नवी मुंबईतल्या कॉलेजांना फी आणि प्लेसमेंटबरोबर आणखी दोन गोष्टी विचारा आणि उत्तरं कोष्टकात छापा. तुमच्याकडे डिझाइन थिअरी शिकवायला आर्किटेक्चरबाहेरचा कुणी माणूस येतो का, आणि गेल्या वर्षी तुमच्या पोरांनी कॉलेजबाहेरच्या कुठल्या खऱ्या भांडणावर काम केलं. ज्यांना भांडण सापडत नसेल त्यांना आमच्या सोसायटीचं ऑफिस रविवारी सकाळी उघडं असतं, ब्राउन पेपर अजून भिंतीवर आहे, खालचा कोपरा रिकामा आहे. सध्या पार्किंगचा विषय चालू आहे.

कळावे,
आपला,
एक वाचक (निवृत्त साइट सुपरवायझर)
नेरुळ, नवी मुंबई